त्यांनी मला परत पाठवलं

वजन कसं उतरलं, असं लोक मला विचारतात तेव्हा त्यांना ऑपरेशनबद्दल ऐकायचं असतं. कुठे केलं, खर्च किती आला, दुखलं का. मी सगळं सांगते. पण मनात आधी येतात त्या परळच्या एक बाई. त्यांनी मला त्या दिवशी ऑपरेशनची तारीख घेऊ दिली नव्हती. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते रुचणार नाही. मी त्यांना ताई म्हणते.

आमची मालवणात खानावळ आहे. सासूबाईंनी ती थोड्या ताटांवर सुरू केली. माझ्या हाती आली तेव्हा हंगामात दारात रांग लागायची. सकाळी मासळी आली की नारळ खवणं, वाटप भाजणं, घावणे, वडे, सागोती, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, आणि दर भांड्यातलं चमचाभर तळहातावर घेऊन चाखणं. तो चमचा मी कधी जेवणात धरला नाही. दुपारी साडेतीनला गिऱ्हाइकांची उठबस संपली की आम्ही बायका जेवायला बसायचो आणि दिवसभराचा शीण त्या ताटावर निघायचा. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढतच गेलं. पस्तिशीत मधुमेह निघाला, मग गुडघ्यांनी मान टाकली. सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होडीत चढताना दोघांना माझे हात धरावे लागत, म्हणून किल्ल्यावर जाणंच मी सोडलं. रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा आणि मी दचकून उठून बसायचे. हा आजार आहे हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

उपास केले, लिंबू-मध घेतलं, डब्यातल्या पावडरी खाल्ल्या. वजन थोडं हटायचं आणि पुढच्या हंगामापर्यंत होतं त्याहून जास्त होऊन बसायचं. 'तोंडाला आवर घाला' हे वाक्य मी नातेवाइकांकडून ऐकलं, गिऱ्हाइकांकडून ऐकलं, तपासायला गेले तिथेही ऐकलं. मलाही तेच खरं वाटायचं. भूक माझी, लोभ माझा, तेव्हा दोषही माझाच.

माझा भाऊ लालबागला असतो. त्याच्या ओळखीतल्या एकाने वजनाचं ऑपरेशन करून घेतलं होतं. नितीन गडकरींनी २०११ मध्ये ते केलं तेव्हा आमच्याकडेही चर्चा झाली होती, पण ते मोठ्या माणसांचं काम, असं आम्ही धरून चाललो होतो. भावाने मुंबईतल्या एका रुग्णालयात चौकशी केली. तिथे ऑपरेशनआधी रविवारी सकाळी माहितीची सभा असते आणि तिला बसल्याशिवाय नाव नोंदवत नाहीत, असं कळलं. मला ते उगाच खोळंबा करणं वाटलं. एकदा ठरवलं आहे तर तारीख द्यावी, मोकळं व्हावं. तो २०१६ चा पावसाळा होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, खानावळीला कुलूप. मला सवड तेवढीच. कुडाळहून रात्रीची गाडी धरली, तेव्हाची राज्यराणी, आताची तुतारी. निघताना सासूबाई म्हणाल्या, "रिकाम्या पोटान जाव नको गो, दोन घास खावन जा," आणि वर घावण्यांचा डबाही दिला.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि आधी खुर्च्यांकडे लक्ष गेलं. रुंद होत्या आणि त्यांना हात नव्हते. लग्नात, बँकेत, एसटीत बसण्याआधी मी जागा डोळ्यांनी मोजायची. कुठल्या खुर्चीच्या हातांत अडकेन, कुठली मोडेल, हे बघूनच टेकायची. इथे ती काळजी आमच्या आधीच कुणीतरी करून ठेवली होती. मी पहिल्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत मी शाळा सुटल्यापासून बसले नव्हते.

सर्जनांनी सुरुवात भुकेपासून केली. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, जेवणाआधी वाढतं आणि मेंदूला 'खा' म्हणून सांगतं. मग त्यांनी मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास समजावला. पन्नास जाड माणसांना दहा आठवडे अगदी कमी खाण्यावर ठेवलं. वजन उतरलं. वर्षभराने रक्त तपासलं तेव्हाही त्यांच्या भुकेची रसायनं चढलेलीच होती आणि भूक पहिल्यापेक्षा जास्त लागत होती. गेलेलं वजन परत मिळवायला शरीर इतके महिने झटत राहतं. माझ्या मागून एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "म्हणजे हे आमच्या मनाचं दुबळेपण नाही?" सर्जन "नाही" म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. मी मात्र त्या 'नाही'पाशीच राहिले. कितीतरी वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी ते पावसापाण्याबद्दल बोलावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं. पुढचा बराच वेळ मला नीट दिसत नव्हतं.

पुढे ऑपरेशनं आली. १९६६ मध्ये अमेरिकेत आयोवाच्या डॉ. एडवर्ड मेसन यांनी लठ्ठपणासाठी जठराचा बायपास केला. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या बायकांचं वजन नंतर वाढत नाही, हे त्यांच्या पाहण्यात आलं होतं. आता दोन पद्धती जास्त चालतात. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग कापून काढतात, उरतं ते केळ्यासारखं. बायपासमध्ये वरच्या टोकाला तीसेक मिलिलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. अन्न वाट सोडून जातं म्हणून लोह, कॅल्शियम, बी-१२ कमी शोषलं जातं आणि त्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा आपल्याकडच्या माणसांत ३७.५ च्या वर असेल, किंवा मधुमेहासारखा आजार असून ३२.५ च्या वर असेल, तर तेव्हा ऑपरेशनचा विचार करत. माझी उंची १५६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. आकडा ४६ आला. धोका किती, हेही त्यांनी झाकलं नाही. हजारात एक ते तीन माणसं दगावतात. टाके गळू शकतात, रक्तस्राव होतो, पायांत गुठळ्या होतात. दुसऱ्या बाजूला स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांवर माणसांवर लक्ष ठेवून केलेला अभ्यास होता. ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी भरले होते.

आहारतज्ज्ञ मुलगी माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल. रोज निदान साठ ग्रॅम प्रथिनं, घास बारीक चावून, जेवताना पाणी नाही, पाणी अर्ध्या तासाने. मी हात वर करून विचारलं, "आमच्याकडे आजाऱ्याला पेज देतात. ती चालेल ना?" तिने मला हसण्यावारी नेलं नाही. पेजेत पाणी आणि पिष्ट, प्रथिनं जवळजवळ नाहीत; छोट्या पोटात ती जागा अडवून बसेल, असं समजावलं. मग तिने विचारलं की आमच्याकडे रोज काय शिजतं. मी मासे म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. शंभर ग्रॅम बांगड्यात अठरा-वीस ग्रॅम प्रथिनं असतात, मऊ शिजतो, चावायला सोपा. कुळीथ तर हवेतच. माझ्याच चुलीवरच्या अन्नाबद्दल मला पहिल्यांदा शरम वाटली नाही.

आणि मग ताई उठल्या. साठीच्या आसपास, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांचा बायपास होऊन बरीच वर्षं झाली होती आणि दर वेळी त्या स्वतःच्या खर्चाने बसने येऊन बोलत. म्हणाल्या, "बारीक झाल्याचं सगळे सांगतात. मी उरलेलं सांगते."

पिशवीतून त्यांनी लोणच्याची असते तशी स्टीलची वाटी आणि लहान मुलांचा चमचा काढला आणि समोर धरला. "हे माझं ताट. लग्नात मी हे घेऊन जाते. यजमान दुखावतात. आग्रह करकरून वाढतात. कधी रागाने बोलतात. एक घास जास्त झाला तर मला मोरीकडे पळावं लागतं, आणि ते पंगतीत शोभत नाही." तिसऱ्या महिन्यापासून केस मुठीने गेले ते त्यांनी सांगितलं, आणि परत आले तेही. दंडाखाली लोंबणारी कातडी पदर बाजूला करून दाखवली. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे झाले. एका वर्षी बी-१२ टाळलं तर तळपायांना मुंग्या यायला लागल्या आणि त्या पूर्ण गेल्याच नाहीत. चौथ्या वर्षी आई गेली, त्या दुःखात गोड खाण्यावर हात गेला आणि काही किलो परत आले. हॉलमधल्या पुरुषांकडे बघून म्हणाल्या, "दारू घेणाऱ्यांनो, ती आता दुप्पट वेगाने चढेल आणि सुटणं कठीण होईल. ते आधी सोडवा, मग इकडे या."

मला आजही वाटतं, असं बोलायला मोठं मन लागतं. स्वतःचं उघडंवागडं आयुष्य अनोळखी माणसांपुढे ठेवायचं, त्यातून त्यांना काहीच मिळणार नव्हतं.

चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, आजच नाव देऊन जाणार आहे, पावसात खानावळ बंद असते तेवढ्यात उरकून घेते. त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?" मालवण म्हटलं. "मालवणात बी-१२चं इंजेक्शन तुला कोण देईल? रक्त कुठे तपासशील? पोटात रात्री दुखायला लागलं, छाती धडधडायला लागली, तर सर्जन असलेलं सर्वांत जवळचं मोठं रुग्णालय किती तासांवर? आणि तुझ्या घरात तुला जेवायला वाढतं कोण?" मला एकाचंही उत्तर आलं नाही. माहितीपत्रकाच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी ते प्रश्न बॉलपेनने लिहिले. "याची उत्तरं घेऊन ये. मग तारीख घे. मी परळची, पंधरा मिनिटांत इथे पोचते. तुझं तसं नाही."

मला राग आला होता. इतका लांबचा प्रवास करून आले, आणि ही कोण मला परत पाठवणारी, असं वाटलं. सर्जनांना विचारलं तर त्यांनीही ताईंचीच बाजू घेतली. गाडीत रात्रभर ते पत्रक माझ्या हातात होतं.

आमच्या पेठेतल्या डॉक्टरांपुढे मी ते ठेवलं. त्यांनी चष्मा वर सारून दोनदा वाचलं. इंजेक्शन ते देतील. रक्ताचे नमुने घेता येतील, पण जीवनसत्त्वांसाठी ते बाहेर पाठवावे लागतील आणि अहवालाला वेळ लागेल. तिसऱ्या प्रश्नाशी ते थांबले. आता ओरोसला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, तेव्हा नव्हतं. सिंधुदुर्गातलं मोठं दुखणं पिढ्यान् पिढ्या गोव्याला, बांबोळीला जात आलं आहे. मालवणातून शंभरावर किलोमीटर, पत्रादेवीचा नाका ओलांडून. "रात्रीची गाडी कोणाची, ते आजच ठरवून ठेव," असं ते म्हणाले. त्यांनी मुंबईच्या सर्जनांना स्वतः फोन केला, माहिती मागवून वाचली, आणि पुढे माझी सगळी देखरेख केली. त्यांचंही माझ्यावर ऋण आहे, आणि तेही ताईंच्या प्रश्नांतूनच आलं.

चौथा प्रश्न सर्वांत जड गेला. घरात वाढायच्या सासूबाई, आणि त्यांच्या लेखी न जेवणारी सून म्हणजे रुसलेली सून. मी त्यांना ते पत्रक वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मगे मीठ कोण चाखतला?" मला वाटलं विषय टाळताहेत. पण दुसऱ्या दिवसापासून चाखायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. दर भांड्यापाशी त्या येत, चाखत, 'होया' किंवा 'कमी' म्हणत, आणि मला डावाला हात लावू देत नसत. ज्या बाईने मला आयुष्यभर आग्रह केला, तिने उतारवयात तो मोडला. माझ्यासाठी कुणी यापेक्षा अवघड काही केलं असेल असं मला वाटत नाही.

ते वर्ष असं गेलं. झोपेची तपासणी झाली आणि श्वास अडकण्यावर रात्री लावायचं यंत्र आलं. साखर आटोक्यात आणली. सकाळी चिवला किनाऱ्यावर चालायला लागले, आधी रापण ओढणाऱ्यांपर्यंत, मग त्याच्या पुढे. जेवण आणि पाणी वेगळं करायची सवय केली, ती वाटते त्याहून कठीण आहे. पुढच्या पावसाळ्यात उत्तरं घेऊन गेले. मधुमेह होता म्हणून बायपास ठरला. आधीचे दोन आठवडे यकृतातली चरबी उतरावी म्हणून पिष्ट जवळजवळ बंद होतं. ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ते झोपेत झालं आणि नीट झालं.

केस गेले तेव्हा मी घाबरले नाही. ताईंनी सांगितलेल्या महिन्यांतच ते गेले. मधुमेहाच्या गोळ्या कमी होत होत थांबल्या, यंत्रही सुटलं.

पण ताईंनी माझ्यासाठी काय केलं ते मला कळलं २०१८ मध्ये, चवथीच्या आधी. माटवीची तयारी चालली होती. मध्यरात्री पोटात अशी कळ उठली की मला बसताही येईना, झोपताही येईना. बायपासनंतर वजन उतरतं तशी आतड्यांच्या पडद्यातली चरबीही उतरते, तिथल्या फटी रुंदावतात आणि आतडं त्यात सरकून पिळलं जाऊ शकतं. हे मला सभेत कळलं होतं, आणि नवऱ्याला मी सांगून ठेवलं होतं. कोणी ओवा दिला नाही, सकाळची वाट पाहिली नाही. गाडी कोणाची ते ठरलेलं होतं. पाकिटात ताईंनी ठेवायला लावलेला कागद होता: बायपास झालेला आहे, नाकातून पोटात नळी नेहमीसारखी घालू नये, ब्रुफेनसारख्या गोळ्या देऊ नयेत, कळ आल्यास सीटी स्कॅन करावा, आणि सर्जनांचा फोन नंबर. बांबोळीला पोचलो तेव्हा उजाडत होतं. तो कागद डॉक्टरांनी घेतला आणि पुढचं सगळं भराभर झालं. आतडं अडकलेलं होतं, पण जिवंत होतं. आणखी काही तास गेले असते तर ते कापावं लागलं असतं, असं मला नंतर सांगितलं.

बरी झाल्यावर ताईंना फोन केला. धन्यवाद म्हणायला शब्द जुळवून ठेवले होते. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोह तपासलंस का? रक्त गेलं असेल." तपासलं नव्हतं. तपासलं तर कमी निघालं.

आता जिल्ह्यातून माझ्याकडे फोन येतात, देवगडहून, कणकवलीहून, कोणाच्या तरी ओळखीने. मला शिकवायला काही येत नाही. मी ताईंचे प्रश्न विचारते आणि सभेला बसून या म्हणते. गेल्या वर्षी वेंगुर्ल्याची एक मुलगी आली. लग्न नुकतंच झालेलं, वजन खूप, पाळी अनियमित. तिच्याबद्दल मी ताईंना विचारलं. ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष दिवस राहू द्यायचे नसतात, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला दोघांनाही माहीत आहे का, ते आधी बघ, म्हणाल्या. दोघांनाही माहीत नव्हतं. २०२५ पासून सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही वजनाची इंजेक्शनंही आपल्याकडे मिळू लागली आहेत. ती घेतानाही दिवस राहू द्यायचे नसतात, हे तिला सभेत कळलं. दोघं सभेला जाऊन आली, डॉक्टरांशी बोलली आणि तूर्त ऑपरेशन नको असं ठरवून परतली. मी जरा बिचकतच ताईंना कळवलं, कारण मला वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "दोघं मिळून गेली होती ना? मग झालं. पण तिची थायरॉईडची तपासणी राहिली असेल, ती करून घे म्हणावं."